वीसपैकी एकसष्ट

गुरुवारी प्रार्थना संपली आणि रंजिताने अख्ख्या अकरावीसमोर सांगून टाकलं, की यंदाची आंतरशालेय प्रश्नमंजूषा कागदावर होणार नाही. कॉम्प्युटरवर होणार. आणि तो प्रोग्राम तिने स्वतः लिहिलाय!

दहावीपर्यंत हजेरी देताना जिचं "हजर" शेजारच्या बाकापर्यंतही पोचत नसे, तीच ही रंजिता. पण मे महिन्यात अल्का मॅडमनी तिला लॅबमध्ये बसवून वेब प्रोग्रामिंग शिकवलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, पोरीच्या अंगात वारंच शिरलं. आता ती जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या एकदम उतरायची.

हेडमास्तर योगराज सरांनी मात्र एकच गोष्ट सांगितली होती. "आठ शाळा येऊन राहिल्या बाई. गोंदियाचे मोठमोठे मास्तर येणार. शनिवारी फजिती झाली तर पुन्हा कागद, आणि लॅबची किल्ली माह्या खिशात. बारावीच्या परीक्षेपर्यंत कोणी आत पाय ठेवायचा नाही."

रंजिताच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. कुडवा गावातल्या तिच्या दोन खोल्यांत टीव्ही होता आणि बापूंची शिलाई मशीन होती. लॅब बंद म्हणजे सगळंच बंद. पण घाबरायचं कशाला? पंधरा दिवस ती रोज एकटी बसून प्रोग्राम चालवत होती. वीस प्रश्न, वीस उत्तरं, वीस मार्क. एकदाही चुकला नव्हता!

दुपारी ट्रायल ठरली. अल्का मॅडमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. प्रोग्राम तिथे चालायचा, आणि भिंतीकडेचे बाकीचे कॉम्प्युटर तारांनी त्याला जोडलेले. दहा पोरंपोरी दहा जागांवर बसली. सगळ्यांत पुढे लोकेश. तो शाळेच्या संघात होता, कारण बोलण्यात कोणाच्या बापाला ऐकत नसे.

"चला, सुरू!" रंजिता ओरडली.

टकटक, टकटक. पाच मिनिटं झाली असतील नसतील, लोकेश खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"अबे! मले एकसष्ट मार्क भेटले!"

"कितीपैकी?" मॅडमनी चष्मा वर केला.

"वीसपैकी!"

लॅबमध्ये असा हशा पिकला की खालून शिपाई बघायला आला. रंजिताची सगळ्यांत जिवलग कोण म्हणाल तर पुष्पांजली, तिने लोकेशच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "हौ ना बापा, एकसष्टच हाय. आता बासष्ट झाले! याने तर हातही लावला नाही."

"हुशारी हाय आपली," लोकेश म्हणाला. "बसल्या बसल्या वाढून राहिली."

तेवढ्यात अंजना आली. ही त्यांच्या संघातली दुसरी, गप्प राहणारी, आणि आज बस चुकल्यामुळे उशिरा आलेली. ती रिकाम्या कॉम्प्युटरवर बसली, तिने 'सुरू करा' दाबलं, आणि दहाच्या दहा पडद्यांवर मार्क झाले शून्य.

"अंजने! काऊन आली तू?" लोकेश कळवळून ओरडला. "माहे बासष्ट खाल्ले ना!"

रंजिता हसली नाही. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. दारात योगराज सर उभे होते. त्यांनी नुसती किल्ली एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकली आणि ते गेले.

सगळे पांगल्यावर अल्का मॅडमनी तिचा प्रोग्राम उघडला. अगदी पहिल्या ओळीपाशी बोट ठेवलं. "हे मार्क तू कुठं ठेवलेस?"

"सगळ्यांत वर, मॅडम. ग्लोबल व्हेरिएबल केला. म्हणजे प्रोग्रामातल्या कुठूनही हाताशी येतो. सारखं इकडून तिकडं द्यावं लागत नाही."

"सोयीचं आहे. पण सर्व्हरवर प्रोग्राम एकच चालतो ना? मग वर ठेवलेला हा व्हेरिएबलचा डबाही एकच. तू एकटी होतीस तोवर तो तुझाच होता. आज त्यात अकरा जणांनी हात घातला."

रंजिताने कपाळावर हात मारून घेतला. खरंच की! दहा जणांची बरोबर उत्तरं एकाच डब्यात पडत होती, म्हणून एकसष्ट. अंजनाने सुरुवात केली तेव्हा प्रोग्रामने तोच डबा पुसला, म्हणून शून्य. एवढं साधं! पंधरा दिवस एकटीने तपासलं तर दिसणार कसं?

"मग मी सगळेच ग्लोबल काढून टाकते," ती उसळून म्हणाली. "एकही ठेवत नाही. प्रश्न, मार्क, घड्याळ, सगळं ज्याचं त्याला वेगळं!"

"घड्याळही?" मॅडम हसल्या. "मग जो उशिरा 'सुरू' दाबेल त्याचा अर्धा तास उशिरा संपेल. चालेल? सगळे ग्लोबल वाईट, असं मी म्हटलं नाही. कोणता ठेवायचा, कोणता काढायचा, ते तू ठरव. उद्या संध्याकाळपर्यंत."

शुक्रवारी अकरा ते पाच लोडशेडिंग. लॅबमध्ये अंधार आणि रंजिताच्या डोक्यात नुसता गोंधळ. पुष्पांजली म्हणाली, "चल वो माह्या गावाले. बाबाले डबा द्यायचा हाय तलावावर. इथं बसून तू भिंतीले खाशील." आणि तिने स्कुटी काढली.

पुष्पांजलीच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, तलाव राखले. गावचा तलाव तिच्या खापरपणजोबांच्या वेळचा. ऑक्टोबर होता, धान पोटरीवर आलेला, आणि शेवटच्या पाण्याची वेळ. पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, वीस-पंचवीस शेतकरी बसलेले. पाणी सोडायची जी जागा असते तिला तिथे तुडूम म्हणतात. तुडुमाशी पुष्पांजलीचे बाबा, ईश्वरदास काका, एकटेच उभे होते. बाकी कोणी तिथे फिरकतसुद्धा नव्हतं.

"काका, दुसऱ्या कोणी उघडलं तर?" रंजिताने डबा देता देता विचारलं.

"कायले उघडन?" काकांना प्रश्नच नवीन होता. "तुडुमाले हात एकाचाच. गावानं नेमला त्याचा. मोठ्या जमिनीवाला असो का छोट्या, बाकीच्यानं बघायचं. मी उघडलं का सगळ्याईले कळते, आता सुरू झालं. मी लावलं का सगळ्याईचं बंद."

"आणि पाणी?"

"तलावात हाय तोवर सगळ्याईचं. बांधीत गेलं का ज्याचं त्याचं." त्यांनी खाली हात केला. धानाच्या बांध्या, म्हणजे शेताचे तुकडे, एकीला एक लागून, पण प्रत्येकीला आपापला धुरा, म्हणजे मातीची बुटकी वरंब. "सुकरामच्या बांधीतलं पाणी माह्या बांधीत कोणी मोजते का? लठ्ठालठ्ठी होईन ना पोरी!"

रंजिता खाली बघत राहिली. मग एकदम किंचाळली. "पुष्पे!"

"काय वो? साप हाय का?"

"लोकेशच्या बांधीत सगळ्या गावाचं पाणी गेलं होतं! धुरेच नव्हते ना मी बांधले!"

ईश्वरदास काकांनी पोळीचा घास हातातच धरून लेकीकडे पाहिलं. "ही बरी हाय ना?"

"हुशार हाय बाबा. अशीच राहते."

रंजिताने डब्यावर गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद मागून घेतला आणि तिथेच पाळीवर बसून त्याच्या कडेला लिहायला लागली. प्रश्न सगळ्यांचे तेच, कोणी बदलत नाही, नुसते वाचतात. ते वर राहू देत. घड्याळ सगळ्यांचं एकच, तेही वरच. पण त्याला हात फक्त मॅडमच्या कॉम्प्युटरचा! बाकीच्यांनी बघायचं. आणि मार्क? मार्क प्रत्येकाच्या स्वतःच्या सेशनमध्ये. पान उघडलं की सर्व्हर प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळी ओळख देतो आणि त्या ओळखीखाली ज्याचं त्याचं सामान ठेवतो. मे महिन्यात मॅडमनी शिकवलं होतं, आणि तिने "एवढी कटकट कशाला" म्हणून सोडून दिलं होतं! लिहिता लिहिता तिने आणखी एक ओळ वाढवली. नुसते मार्कच नाही, प्रत्येकाने कोणतं उत्तर दाबलं तेही त्याच्याच सामानात ठेवायचं.

पाचला लाइट आली, साडेपाचला रंजिता लॅबमध्ये. दीड तासात धुरे बांधून झाले. पुष्पांजली एका कॉम्प्युटरवर, अंजना दुसऱ्या, मॅडम तिसऱ्या. मुद्दाम एकदम उत्तरं दिली, मुद्दाम उशिरा सुरू केलं, एकीने मध्येच पान बंद करून पाहिलं. कोणाचं पाणी कोणाच्या बांधीत गेलं नाही. रंजिता लॅबमध्ये गोल गोल नाचली. मॅडमसमोर!

जाताना फाटकाशी लोकेश भेटला, हातात समोसा.

"सुधरवला मी प्रोग्राम," ती म्हणाली. "अभ्यास कर घरी जाऊन."

"एका दिवसात? तू?" त्याने समोसा तोंडात टाकला. "राहू दे, राहू दे."

शनिवारी आठ शाळांची सोळा मुलं सोळा जागांवर बसली. आमगाव, देवरी, सालेकसा, कुठून कुठून आलेली. मागे त्यांचे मास्तर भिंतीला टेकून. अल्का मॅडमनी त्यांच्या कॉम्प्युटरवर एकच बटण दाबलं आणि सोळा पडद्यांवर घड्याळ एकदम सुरू झालं. तुडूम उघडलं! रंजिताने पुष्पांजलीचा दंड एवढा आवळला की तिथे बोटं उमटली.

अर्ध्या तासाने सगळे पडदे एका क्षणी बंद. मग भिंतीवर यादी आली. देवरीची मुलगी अठरा. अंजना सतरा! सोळा, पंधरा, पंधरा... आणि सगळ्यांत खाली लोकेश. चार.

कुजबुज सुरू झाली. योगराज सर तरातरा पुढे आले. "चार? संघातल्या पोराले चार? परवा यालाच एकसष्ट देऊन राहिला होता तुझा प्रोग्राम." एक पाहुणे मास्तर म्हणाले, "गड़बड़ है तो पेपर पर ही ले लेते हैं, सर." सरांचा हात खिशाकडे गेला.

सगळी लॅब रंजिताकडे बघत होती. सहा महिन्यांपूर्वी तिने खाली मान घातली असती. आता तिने मान वर केली.

"सर, हे चार त्याचेच आहेत."

"कशावरून?"

"दाखवते." ती मॅडमच्या खुर्चीत बसली आणि लोकेशची स्वतःची उत्तरं भिंतीवर लावली. वीस ओळी. पहिला प्रश्न, ब. दुसरा, ब. तिसरा, ब. पाचवा, नववा, तेरावा, ब, ब, ब. शेवटपर्यंत ब. आणि वीसपैकी नेमक्या चारच प्रश्नांचं बरोबर उत्तर 'ब' होतं.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच.

"लोकेश," योगराज सर अगदी हळू म्हणाले, "हे काय आहे बाबू?"

लोकेश उभा राहिला. कान लालबुंद. "सर, गुरुवारी मी नुसता बसलो होतो ना, तरी एकसष्ट आले. मले वाटलं, बाकीचे पंधरा जण सोडवूनच राहिले, आपलेही येतीलच."

आता ते पाहुणे मास्तरसुद्धा पोट धरून हसायला लागले. "पेपर की जरूरत नहीं," ते डोळे पुसत म्हणाले. "ये मशीन तो झूठ बोलती ही नहीं।"

शाळेचा पहिला नंबर गेला, देवरीने नेला. पण रंजिताला त्या भिंतीवरच्या चारवरून नजर काढवत नव्हती. वीस मार्कांनी तिला कधी एवढा आनंद झाला नव्हता! योगराज सरांनी खिशातून किल्ली काढली, दोनदा हातात उडवली, आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवली. "सोमवारी लॅब उघडजो तूच. मी उशिरा येईन."

पोरं पांगू लागली तसा लोकेश हळूच तिच्याजवळ आला.

"रंजिते, खरंच पक्का सुधरला का वो? थोडासाबी, कुठून एखादा मार्क झिरपत नाही?"

"एक थेंब नाही."

"म्हणजे आता अभ्यास करा लागते," तो म्हणाला, आणि घरात कोणी आजारी असल्यासारखं तोंड करून जिना उतरून गेला. रंजिता त्याच्या मागून निघाली, एका वेळी तीन पायऱ्या.