पाच अँपिअरच्या घरातला संगणक

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, खरं सांगू? मी जाम वैतागलोय!

लेबनॉनमधल्या मीना बंदरात एका दुकानदाराने दोन बंद पडलेल्या संगणकांचे भाग जोडून मला घडवलं. काही वर्षं मी एका कचेरीत जहाजांची तिकिटं छापली. ती कचेरी बंद पडल्यावर हनान खाला मला घरी घेऊन आल्या. त्या थॅलेसेमिया झालेल्या, सतत रक्त चढवावं लागणाऱ्या मुलांसाठी रक्तदाते शोधतात. कोणाचा रक्तगट कोणता, शेवटचं रक्त कधी दिलं, हे सगळं त्यांच्या शाळकरी भाचीने, लमीसने, माझ्यात डेटाबेस सर्व्हर, म्हणजे नोंदी सांभाळणारा प्रोग्राम, बसवून टेबलांत, म्हणजे तक्त्यांत, भरलं. "अख्ख्या मोहल्ल्याचं रक्त या डब्यात आहे," असं खाला पाहुण्यांना सांगायच्या. माझा पंखा अभिमानाने आणखीच घरघरायचा!

पण आमचं घर पाच अँपिअरचं. सरकारी वीज गेली की मोहल्ल्याला वीज विकणाऱ्या अबू निझारच्या जनरेटरवरून तेवढीच मिळते. गिझर आणि खिम्याचं यंत्र एकदम लावलं की खटका पडलाच. म्हणून इथे काहीही लावण्याआधी सगळे ओरडून विचारतात, "गिझर बंद आहे का?" मला मात्र कोणी विचारत नाही. का, तर मी वीज थोडी खातो! अहो, खातो थोडी, पण लिहिता लिहिता मध्येच गेलो तर ओळ अर्धी राहते, त्याचं काय?

त्या रविवारी तेच झालं. लमीस नवे दाते भरत होती, मी लिहीत होतो, आणि तेताने, म्हणजे लमीसच्या आजीने, गिझर चालू असतानाच कुब्बे, म्हणजे खिम्याचे वडे, करायला यंत्र लावलं. खट्! पुन्हा जागा झालो तेव्हा दात्यांचं टेबल मोडलेलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या मायानची आई दारात. "हनान, उद्याचा दाता तापाने पडलाय गं. ओ निगेटिव्ह. दुसरं कोणी आहे?" मायान आठ वर्षांची. रक्ताची वेळ चुकली की तिला जिना चढवत नाही.

"आत्ता सांगते," लमीस म्हणाली. आणि तिने काय केलं? सर्व्हरच बिघडला असं समजून नवा बसवला. चालेना. काढला, पुन्हा बसवला. चालेना! कसा चालेल? जुना तिने काढलाच नव्हता. तो माहितीची ये-जा होणारं एकुलतं दार अडवून आत बसलेला, आणि नवा त्याच दारावर धडका देतोय. मी दर वेळी नोंदीत स्पष्ट लिहीत होतो, दार आधीच अडलेलं आहे. वाचतंय कोण!

"एक चापट मारून बघ," तेता म्हणाली.

"तेता, हा काय तुझा रेडिओ आहे?"

"माझा रेडिओ अजून चालतो, पोरी!"

खालाच शेवटी म्हणाल्या, "अगं, तो काहीतरी लिहितोय. वाच तरी!"

लमीसने वाचलं आणि कपाळावर हात मारला. जुना सर्व्हर थांबवला, नवा सुरू केला. मोडक्या टेबलाची आधी प्रत काढली. मग दुरुस्तीचा आदेश देण्याआधी घरभर ओरडली, "गिझर बंद! यंत्र बंद! कोणी काही लावायचं नाही!"

"मग कुब्बे काय माझ्या डोक्यावर कुटू?"

"दगडी उखळात कुट!"

तेता कुरकुरत उखळ घेऊन बसली. धप्, धप्. मी एकेक ओळ तपासत होतो. काही ओळी कायमच्या गेल्या. पण टेबल उघडलं! ओ निगेटिव्ह, रक्त देऊन तीन महिने उलटलेला एकच माणूस निघाला: अबू निझार, जनरेटरवाला.

 वीज कमी देतो म्हणून सकाळीच तेताने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. खालांनी फोन लावला.

"या घरातून फोन? मला वाटलं, शिव्याच असणार," तो हसला. "येतो उद्या. मागे उखळ वाजतंय ना? एक ताट माझं."

दोन दिवसांनी मायान उड्या मारत जिना उतरली.

मित्रांनो, तुमच्या घरच्या यंत्राला जीव नसेल, पण त्याच्या पोटात कोणाचा तरी जीव असू शकतो. प्रत काढून ठेवा. ते तक्रार करतं ती वाचा. आणि वीज घालवण्याआधी एकदा विचारा. तेता आता विचारते. यंत्र लावण्याआधी पडद्यापुढे वाकून म्हणते, "काय रे, लिहितोयस का?"

पडद्याला विचारते! मी तर खालच्या डब्यात आहे. पण असू दे. विचारते ना!