सुट्या दगडावरचा बाण

धबधब्याच्या वाटेवरचे पिवळे बाण पेंटरनेच रंगवले होते. त्यामुळे सकाळी धबधबा बघायला निघालेल्या सासू-सासऱ्यांना त्याने छाती फुगवून सांगितलं, "नुसते बाण बघत जा, चुकायचं कारणच नाही."

दुपारी गावातला न्हावी पेंटरच्या दुकानात येऊन म्हणाला, "तुझा फाट्यावरचा बाण धरून गेलो, तर थेट कड्यावर निघालो. तिथे साधा कठडाही नाही."

पेंटरच्या हातातला ब्रश हवेतच राहिला. फाट्यावरचा मोठा खडक खरवडायचा कंटाळा आला, म्हणून तो बाण त्याने शेजारच्या गुळगुळीत, सुट्या दगडावर काढला होता. कुणाचा तरी पाय लागून दगड फिरला असणार. सासऱ्यांचा फोन लागेना, आणि त्यांना आधीच कमी दिसायचं.

धापा टाकत तो फाट्यावर पोचला. बाण खरोखरच कड्याकडे वळला होता. त्याने कड्यावरून डोकावलं. खाली धबधब्याच्या डोहाकाठी दोन माणसं पाण्यात पाय सोडून बसली होती. सासूबाईंची छत्री ओळखू आली, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

खाली उतरून त्याने विचारलं, "बाण चुकीचा होता, मग तुम्ही इथे पोचलात कसे?"

"एका गुराख्याला विचारून," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, तुमच्या लग्नात हॉलकडे जायचे बाण तुम्हीच रंगवले होते ना? निम्मं वऱ्हाड पाण्याच्या टाकीपाशी जाऊन थांबलं होतं. तेव्हापासून तुमचा बाण दिसला की आम्ही आधी माणूस शोधतो."