स्फटिक विरघळला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे आणि आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव तिरसट आहे. चौदा वर्षं तुम्हाला कोठीच्या खोलीत ओल्या भिंतीला टेकवून ठेवलं असतं, तर तुमचाही झाला असता. माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे आणि त्या कपड्यांवर जुनी वर्तमानपत्रं. एके काळी याच घरात माझं झाकण उघडलं, की माणसं बोलायची थांबत असत.

माझा जन्म कारखान्यातला. लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या आणि सर्वांत शेवटी माझ्या हाताच्या टोकाला सुईसकट एक नखाएवढी डबी बसवली. तिला कार्ट्रिज म्हणतात. तिच्यात मिठासारखा एक स्फटिक असतो. रेकॉर्डवर सुई थरथरली, की स्फटिकावर दाब येतो, त्यातून बारीकशी वीज निघते आणि पुढे तिचाच आवाज होतो. म्हणजे माझा सगळा रुबाब त्या एका खड्यावर! हा खडा दोन गोष्टींना भितो, ओल आणि उष्णता. मोठी माणसं नेमकं हेच विसरतात.

तीन महिन्यांपूर्वी घरातल्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. वाचा-उपचाराच्या बाई रोज घरी येऊ लागल्या. सुरुवातीला बाबांनी खूप प्रयत्न केला. पण पाणी मागायला जावं आणि तोंडातून भलताच आवाज निघावा, असं होऊ लागलं. ते शरमले. एक दिवस त्यांनी बाईंनी शब्द ओळखायला आणलेली चित्रं भिरकावून दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यावर रुसून आईंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

"हेच महिने महत्त्वाचे आहेत," बाई आईंना म्हणाल्या. "यांनी आता हात टेकले, तर बोलणं कायमचं राहून जाईल. बोलता न येणारा माणूस कधी कधी गाऊ शकतो. यांना तोंडपाठ असलेलं एखादं गाणं आहे का?"

तसं एक गाणं होतं. लग्नाआधी बाबांनी ते आईंसाठी स्वतः जुळवलं होतं आणि एका प्रदर्शनात आवाज भरून देणाऱ्या माणसाकडून त्याची रेकॉर्ड करून घेतली होती. जगात तेवढी एकच. त्यांच्या मुलीने मला बाहेर काढलं, पुसलं, सुरू केलं. रेकॉर्ड गरगर फिरली, पण माझ्यातून हूं की चूं निघालं नाही. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मुलगी मला आणि ती रेकॉर्ड घेऊन तडक रेडिओकाकांच्या दुकानात गेली. ते बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांनी डबी उघडली. आत खडा नव्हताच, नुसता ओलसर लगदा होता. मग त्यांनी रेकॉर्ड उजेडात धरली.

"हिचा थर फार मऊ आहे गं. जेमतेम दोन-तीनदा वाजेल," ते म्हणाले आणि त्यांनी हवाबंद बाटलीतून स्फटिकाची नवी डबी काढली. त्यांच्याकडची ती शेवटचीच होती.

डबी बसली. तेवढ्यात एका तारेची चिमटी तुटली. काकांचं सगळं लक्ष मित्राकडे लागलेलं. त्यांनी तापलेली सोल्डरिंगची सळई उचलली आणि तार सरळ डबीच्या पिनेलाच जोडली. डबी बाहेर काढून ठेवल्याशिवाय सळईला हात लावायचा नाही, असं त्यांनी आयुष्यभर शिकाऊ पोरांना ओरडून सांगितलं होतं. माझ्या टोकाला चटका बसला. मी ओरडणार कसा? त्यांनी मला लावून पाहिलं. एकदा खरखर झाली आणि मग काहीच नाही.

काकांच्या हातातली सळई तशीच राहिली. "पोरी, माती खाल्ली मी," ते म्हणाले.

मुलगी खाली बसली. मला वाटलं, संपलं सगळं! मग काका उठून आतल्या खोलीत गेले. तिथे त्यांचा स्वतःचा प्लेअर होता. त्याच्या हातातली डबी त्यांनी काढून आणली.

"ही सिरॅमिकची आहे, ओलीला दाद देत नाही," ते म्हणाले.

"काका, मग तुमचा प्लेअर?"

"तो राहील गप्प थोडे दिवस. तुझा बाप बोलू दे."

या वेळी त्यांनी आधी नवी चिमटी तारेला जोडली आणि ती थंड झाल्यावरच डबी बसवली. सुईचा भार तीनदा तोलला. आधी दुसरीच एक रेकॉर्ड लावून पाहिली. मी गायलो! आवाज थोडा बारीक होता, पण माझा होता.

त्याच दुपारी काकांनी स्वतः मला बाबांच्या खोलीत आणून ठेवलं. आई दाराशी हाताची घडी घालून उभ्या. मुलीने सुई टेकवली आणि तरुणपणचे बाबा गाऊ लागले. भिंतीकडची मान वळली. दुसरं कडवं सुरू झालं आणि माझी सुई एका चऱ्यात अडकली.

'रुसू नको गं... रुसू नको गं... रुसू नको गं...'

दर फेरीला मऊ थर खरवडला जात होता. मला ते कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. मुलीने झडप घातली, तर काकांनी तिचा हात धरला. "थांब! त्याच्याकडे बघ."

बाबांचे ओठ हलत होते. 'रुसू नको गं...' कपाळावर शीर उभी राहिली. 'रुसू नको गं...'

"चहा... गार... होतो," बाबांनी गाण्यातली पुढची ओळ म्हटली. जीभ जड होती, पण शब्द सुरात होते.

मुलीने सुई उचलली. आईंची हाताची घडी सुटली. "घेते हं चहा," त्या रडत म्हणाल्या. "पण आधी पुन्हा म्हणा."

मित्रांनो, ती रेकॉर्ड तिथून पुढे आता वाजत नाही. थर गेला तो गेलाच, आणि त्यात माझाही दोष आहे. तुम्हाला एवढंच सांगतो, घरातलं काही किंवा कुणी गप्प झालं, तर ते संपलं असं समजू नका. उघडून बघा, हलक्या हाताने बघा आणि थोडं थांबा. गाण्याचा उरलेला भाग आता बाबा स्वतः म्हणतात, अडखळत, रोज एखादा शब्द जास्त, आणि तेवढा वेळ मला बंद ठेवतात.