बाबांच्या वतीने

बाईंनी कात्रीचं चित्र उचलून बाबांसमोर धरलं. बाबांचे ओठ हलले, जीभ कुठेतरी अडखळली, गळ्याची शीर ताठ झाली.

"का..."

"कात्री," थोरल्या मुलाने सांगून टाकलं.

बाईंनी चित्र खाली ठेवलं. पक्षाघाताच्या झटक्यात गेलेली वाचा परत आणणं हे त्यांचं रोजचं काम, आवाज न चढवण्याची सवयही त्यातूनच लागली असावी.

"तुम्ही सांगू नका ना. त्यांना येतंय."

"अहो, पण घाम फुटलाय बघा त्यांना."

"फुटू दे. पुढच्या वेळेपासून तुम्ही बाहेर बसलात तर बरं होईल."

थोरला समजूतदारपणे हसला. बाई नवख्या आहेत हे त्याने पहिल्याच दिवशी ताडलं होतं. माणसं ओळखण्यात आपण चुकत नाही, असं त्याचं स्वतःबद्दलचं मत होतं आणि ते मोडीत निघावं असं आजवर काही घडलं नव्हतं. तो एका टाइल्सच्या शोरूममध्ये मॅनेजर होता. गिऱ्हाइकाने दारात पाऊल टाकलं की याला खरखरीत हवी की चकचकीत, हे तो आधीच सांगून मोकळा होई. पुष्कळ जण तेच घेऊन जात. काही जण काहीच न घेता जात. त्यांना मुळात घ्यायचंच नसे.

बाबा आजारी पडल्यापासून घरात त्यांच्या वतीने तोच बोलत असे. बाबांना पंखा मंद हवा. बाबांना दाढी आज नको, उद्या. बाबांना शेजारपाजारचं कुणी भेटायला आलेलं आवडत नाही. बाबा मान हलवत. ती होकाराची की नकाराची, हे बाकीच्यांना कळत नसे, थोरल्याला कळे. यात त्याची किती ओढाताण होते हे तो कुणाला बोलून दाखवत नसे, म्हणजे शोरूममधल्या कॅशियरला तेवढं रोज सांगे.

रविवारी धाकटी बहीण येणार असल्याचं त्याला शनिवारी जेवताना कळलं. फोन बायकोने केला होता.

"अगं, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात वाढून निघून गेली.

त्याने विषय वाढवला नाही. असल्या गोष्टी तो पोटात घालत असे.

आई गेल्यानंतर बहीण या घरात आली नव्हती. तेव्हा तिचं म्हणणं होतं की बाबांनी काही महिने तिच्याकडे राहावं. ते बाबांना झेपणार नाही, हे थोरल्याला स्वच्छ दिसत होतं. म्हणून त्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा दुखावलेत, सध्या तुझं तोंडही बघायची त्यांची इच्छा नाही. आणि बाबांना सांगितलं, तिचा व्याप मोठा आहे, तिच्यामागे लागू नका. याला तो खोटं म्हणायला तयार नव्हता. दोघांच्या मनात पुढेमागे जे येणारच होतं, ते त्याने थोडं आधी बोलून दाखवलं होतं, इतकंच.

बहीण आली. केस बरेच पांढरे झालेले. चप्पल काढतानाच थोरल्याने तिला सूचना दिल्या. फार बोलायला लावू नको. रडू नको. जुनं काही उकरून काढू नको.

"बाबा बोलतात का रे, दादा?"

"छे. एखादं अक्षर. बाकी मी समजून घेतो."

ती आत गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. बाबांनी चांगला हात तिच्याकडे सरकवला. थोरला पायाशी उभा राहिला.

"बाबा म्हणतायत, आलीस ते बरं झालं," तो म्हणाला. "आणि प्रवासाने दमली असशील, तर जेवून लवकर नीघ."

बहिणीने बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे पाहत होते.

तेवढ्यात शोरूममधून फोन आला. मालाचा ट्रक दारात उभा होता आणि गोदामाची किल्ली थोरल्याच्या खिशात. नाइलाजाने तो निघाला. दोन जिने उतरल्यावर चष्मा राहिल्याचं लक्षात आलं, तसा तो परत वर आला. दार नुसतं लोटलेलं होतं; चपला काढून तो बाहेरच्या खोलीत आला.

आतून एक पुरुषी आवाज येत होता. टीव्ही असेल, असं त्याला आधी वाटलं.

"तू... इतके दिवस... का नाही आलीस?"

शब्द एकेक करून येत होते, पण येत होते. मधल्या थांब्यांत कुणी काही बोलत नव्हतं.

"तुम्हाला माझं तोंड बघायचं नाही, असं दादा म्हणाला."

थोरल्याने भिंतीला हात टेकला.

"असं... मी... कधीच... म्हटलं नाही."

"पाणी हवंय का, बाबा?" हा बायकोचा आवाज. तिच्या स्वरात नवल नव्हतं. सासऱ्यांशी रोज दुपारी असंच बोलणं चालत असावं, इतका तो साधा होता.

"नको. मला... हिच्याकडे... जायचंय."

थोरला तिथेच उभा राहिला. मग दोन पावलं मागे गेला, चपला पुन्हा पायांत अडकवल्या, आवाज करत काढल्या आणि खाकरला. तो आत आला तेव्हा बायको पाण्याचं भांडं हातात धरून खिडकीशी उभी होती. बहिणीचे डोळे लाल होते.

"दादा, बाबांना काहीतरी सांगायचंय तुला."

"माहितीये मला. दमलेत ते. मी सांगत होतो ना, इतका वेळ कुणी बसलं की त्यांना..."

बाबांनी चांगला हात उचलला. तळवा सरळ थोरल्याच्या तोंडासमोर आला.

"बस," ते म्हणाले.

एका दमात, स्पष्ट. थोरल्याने खोलीतल्या तिघांकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि तो बसला.

त्यानंतर बाबांनी जे सांगायचं ते सांगितलं. पुष्कळ वेळ लागला; गोदामाची किल्ली थोरल्याच्या खिशातच राहिली. दोन-तीनदा शब्द सापडेना; थोरल्याचे ओठ आपोआप हलले, पण आवाज फुटला नाही. बायको मध्येच भांडं ठेवून कपाटाकडे गेली आणि बाबांचे कपडे पिशवीत भरू लागली.

सोमवारी कॅशियरने विचारलं, "कसे आहेत वडील?"

"बहिणीकडे पाठवलेत थोडे दिवस. मीच म्हटलं, जरा हवापालट." थोरल्याने काउंटरवरचे टाइल्सचे नमुने सारखे केले. "आणि काय सांगू तुम्हाला, बोलले काल. खणखणीत शब्द, तोही मला उद्देशून."

"काय म्हणाले?"

"मी आपला उभाच होतो कधीचा. 'बस' म्हणाले. खुर्चीकडे हात केला."

"वा," कॅशियर म्हणाला. "माया असते शेवटी."

"असतेच." थोरला पुढेही काही सांगणार होता, पण दार उघडून एक बाई आत येत होत्या. त्या कुठल्याच टाइलकडे न बघता दाराशी थांबल्या. त्यांना काय हवंय ते थोरल्याला तिथूनच कळलं, आणि तो लगबगीने पुढे झाला.