अर्धी प्रार्थना

मित्रांनो, माझ्याशी पहिल्यांदा बोलणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या डोक्यावर टिचक्या मारतो आणि विचारतो, "आवाज येतोय का?" मी एक जुना, वायरीचा माइक आहे. जाळी चेपलेली, मानेला चिकटपट्टी. आयुष्य माणसांच्या तोंडाशी गेल्यामुळे माझा स्वभाव जरा संशयी झाला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यातून निघालो तो थेट ब्राझीलमधल्या रेसिफे शहराच्या कडेला, पाण्याच्या टाकीच्या टेकडीखाली एका बारमध्ये येऊन पडलो. तिथे शनिवारी फोरो या गावरान संगीतावर नाच चाले आणि अडाल्तो नावाचा गवई मला ओठांशी धरून गात असे. त्याचा गळा असा होता की माणसं हातातला पेला विसरत. तोंडाला मात्र कायम उसाच्या दारूचा वास. निवडणुका आल्या की हाच अडाल्तो मला घेऊन प्रचारसभांत जाई. सकाळी एका उमेदवाराचं गाणं, संध्याकाळी त्याच्या विरोधकाचं. चाल तीच, नाव तेवढं बदललेलं. लोक दोन्हीकडे सारखेच नाचत. त्यानंतर अडाल्तोचा कोणावर विश्वास उरला नाही, आणि माझाही.

पुढे बार बुडाला. टेकडीवरच्या सुवार्ता मंडळी नावाच्या छोट्या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, एझेकियास यांनी मला उचललं. मंडळीतल्या बायकांनी मला स्पिरिटने घासूनपुसून काढलं आणि माझ्यातलं बारचं भूत निघून जावं म्हणून वर प्रार्थनाही केली. बारमध्ये मी कधी झिंगलो नव्हतो, पण त्या स्पिरिटने चांगलाच झिंगलो.

पत्र्याच्या त्या चर्चमध्ये दर बुधवारी साक्ष होई. ज्याला वाटेल त्याने पुढे यावं, मला हातात घ्यावं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगावं, अशी रीत. मी कान टवकारून ऐकत असे, कारण मला सगळ्यांचा संशय होता. मग एके बुधवारी दोर्सेलिना पुढे आली. ती अडाल्तोची थोरली बहीण. बसथांब्यावर तव्यावर तापिओका, म्हणजे कसाव्याच्या पिठाच्या पोळ्या, भाजून विकायची. तिने सांगितलं की, पूर्वी एका घरी कामाला असताना तिने मालकिणीचे चांदीचे चमचे लांबवले होते आणि आळ दुसऱ्या मोलकरणीवर येऊ दिला होता. विश्वासात, म्हणजे या मंडळीत, आल्यावर ती त्या मोलकरणीचं घर शोधत गेली, सगळं कबूल केलं आणि तिच्या हातची थप्पड खाऊन आली. थप्पड कशी सणसणीत होती, हेही तिने हसत हसत सांगितलं. स्वतःला कमीपणा आणणारी गोष्ट इतक्या मोकळेपणाने सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी माझा संशय पहिल्यांदा गप्प बसला.

इथे आमच्या मंडळीच्या माणसांना सगळे "विश्वासणारे" म्हणतात. काही जण थट्टेने म्हणत, पण दोर्सेलिनाच्या बाबतीत कोणी थट्टा करत नसे. नळावरचं भांडण असो की नवराबायकोचं, ताई काय म्हणते ते ऐकू, असं लोक म्हणायचे. कोणाचं मूल तापाने फणफणलं की रात्रीबेरात्री तिलाच बोलावणं जाई.

तिचा जीव मात्र भावात अडकला होता. दारू सोडायची धडपड चाललेला अडाल्तो हळूहळू बुधवारी येऊ लागला. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसे आणि प्रार्थना सुरू झाली की सटके. एकदा बहिणीने कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "अख्ख्या टेकडीवर हा एकच माइक आहे, ज्यावर कोणी पैसे घेऊन बोलत नाही. म्हणून येतो. देवाबिवाचं नंतर बघू." ती तेवढ्यावरही खूश होती. वर्षाच्या शेवटी तो बाप्तिस्मा घेईल, पुन्हा मला हातात धरून गाईल, अशी आशा तिला होती. खरं सांगतो, मलाही होती.

मग निवडणूक आली आणि नगरसेवकपदाचा उमेदवार ओझिमार बुधवारच्या उपासनेला आला. पाळकांनी सांगितलं की हे बंधू प्रार्थना मागायला आले आहेत. ओझिमार सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसला आणि रडू लागला. ते अश्रू खरे होते की खोटे, मला आजही सांगता येत नाही. आमच्याकडे गुडघे टेकणाऱ्याला प्रार्थना नाकारत नाहीत आणि तू कोण, कशासाठी आलास, असंही विचारत नाहीत. सगळी मंडळी डोळे मिटते आणि त्याच्या दिशेने हात पसरते. तसंच झालं. दोर्सेलिनाने एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्या हातात मला धरलं आणि म्हणाली, "प्रभू, या माणसाला बळ दे. लोकांशी खरं बोलायचं बळ दे, आणि ते जमणार नसेल तर याला घरी बसव."

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. उघडा होता तो फक्त ओझिमारच्या माणसाच्या हातातला फोन.

काही दिवसांत टेकडीवर ओझिमारच्या प्रचाराची कर्णे लावलेली गाडी फिरू लागली. त्या कर्ण्यांतून दोर्सेलिनाचा आवाज येई, "प्रभू, या माणसाला बळ दे." तेवढंच. पुढचं कापून टाकलेलं. भिंतीभिंतीवर पसरलेल्या हातांचं चित्र लागलं आणि त्यात सगळ्यांत पुढे तिचा चेहरा.

पुढच्या बुधवारी अडाल्तो आला, पण बाकावर बसला नाही. दारातच उभा राहिला. त्याच्या तोंडाला पुन्हा तो जुना वास होता.

"ताई, मी निदान पैसे घेऊन गात होतो. तू फुकटात गायलीस."

"मी प्रार्थना केली, अडू. ती त्यांनी अर्धी कापली."

"कापणारच. पण डोळे मिटायच्या आधी समोर कोण बसलंय, ते बघायचं नाही का?"

तो गेला, आणि तिने मला जागेवर ठेवून दिलं.

त्यानंतर बसथांब्यावर लोक तिला विचारू लागले की आज प्रार्थना कोणत्या पक्षाची. आजारी मुलांच्या आया तिला बोलवेनाशा झाल्या. मंडळीतली माणसंसुद्धा एक डोळा किलकिला ठेवून प्रार्थना करू लागली. शेजारचा हात पसरतो तो देवासाठी की फोनसाठी, कोणालाच खात्री वाटेना. ओझिमारने चर्चला नवं छप्पर दिलं आणि बिनवायरीचा नवा माइक दिला. माझी रवानगी खणात झाली. दोर्सेलिना तक्रार घेऊन गेली, तेव्हा पाळक म्हणाले की माणूस आपलाच आहे, आणि पावसाळ्यात गळकं छप्पर तू धरून ठेवणार होतीस का. ते वाईट नव्हते. इतकी वर्षं गळक्या छपराखाली उपदेश करून थकले होते.

ओझिमार निवडून आला आणि आभाराची प्रार्थना मागायला पुन्हा येऊन गुडघ्यांवर बसला. सवयीने हात पसरले गेले. तेवढ्यात दोर्सेलिनाने खण उघडून मला बाहेर काढलं आणि वायर जोडली.

"मागच्या वेळी माझी प्रार्थना अर्धीच ऐकू आली," ती म्हणाली. "आज सगळी ऐका."

"लोकांशी खरं बोलायचं बळ दे" इथवर मी तिचा आवाज पोचवला. पुढचं वाक्य सुरू होताच पाळकांनी बटण बंद केलं. ती बोलतच राहिली, पण नव्या छपराखाली तिचा आवाज पहिल्या बाकांपलीकडे गेला नाही. काही हात खाली आले, बरेचसे तसेच राहिले. नंतर तिला सांगण्यात आलं की आता तिने साक्ष देऊ नये. जुना माइक हवा तर घेऊन जा, असंही म्हणाले. तिने मला डोक्यावरच्या रुमालात गुंडाळून घरी आणलं; वायर तिथेच राहिली.

आता मी तिच्या स्वयंपाकघरात तव्याशेजारच्या फळीवर असतो. पिठाने पांढरा झालो आहे. मित्रांनो, आमच्यासारख्यांना पुसून ठेवलंत तर बरंच आहे, पण एवढ्यासाठी मी हे सांगितलं नाही. कोणी गुडघ्यांवर बसला तर हात जरूर पसरा, फक्त आधी नीट बघून घ्या. गेलेली वस्तू शोधून मिळते, पण लोकांचा गेलेला भरवसा दोर्सेलिनाला अजून मिळालेला नाही.

गेल्या बुधवारी अडाल्तो जेवायला आला होता. जेवून झाल्यावर त्याने मला फळीवरून उचललं, पीठ झटकलं आणि माझ्या डोक्यावर टिचक्या मारल्या.

"हा चालू आहे का?"

"नाही," दोर्सेलिना म्हणाली. "वायरच नाही त्याला."

त्याने मला उलटंपालटं करून नीट तपासलं. बहिणीचा फोन उचलून बाहेर पायरीवर ठेवून आला. मग दार लावून तिच्यासमोर बसला.

"बरं," तो म्हणाला. "आता बोल."