माझ्या केबलवरचे ओले पायजमे

मी एक जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड आहे, मित्रांनो, आणि खरं सांगतो, मला माणसांची शिसारी आली आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर धुळीचा कण नव्हता. नंतर ज्या कॉम्प्युटरच्या पोटात राहिलो तिथे काय? केस, जळमटं, मेलेली झुरळं. शी!

मला एका शिंप्याने आणलं. वेगळा टीव्ही कशाला, दुकानातल्या कॉम्प्युटरवरच बघू, असा त्याचा हिशेब. छतावरच्या अँटेनाची केबल माझ्या पाठीत खोचली की हवेतल्या गर्दीतून हवी तेवढीच लहर मी निवडायचो. तेव्हा प्रक्षेपण अ‍ॅनालॉग होतं. लहरीतलं चित्र मी आकड्यांत बदलून कॉम्प्युटरच्या हवाली करायचो. लहर अशक्त असली तर पडद्यावर मुंग्या यायच्या, पण चित्र दिसायचं. शेजारीपाजारी माझं तोंड भरून कौतुक करायचे.

पुढे डिजिटल आलं. मला तेही जमत होतं. त्यात चित्र मुळात आकड्यांतच येतं. थोडे आकडे वाटेत बिघडले तर मी सावरून घेतो, चित्र लख्ख! पण फार बिघडले की मुंग्या नाहीत न् बिंग्या नाहीत, चित्राचे चौकोन होतात आणि ते जागीच थिजतं.

आणि बिघडणारच हो! शिंप्याचा धाकटा भाऊ, घरचा दीडशहाणा, छतावर माझ्याच केबलवर कपडे वाळत घालायचा. "वायर काय नि दोरी काय, सगळं एकच," म्हणायचा. ओझ्याने केबलचा सांधा उघडा पडला, आत पाणी शिरलं. अ‍ॅनालॉगच्या दिवसांत ते खपून गेलं.

मग एके दिवशी शिंप्याची लेक मोठ्या शर्यतीत धावणार होती. थेट प्रक्षेपण. तिच्या आईने सकाळपासून शिलाई मशीनला हात लावला नव्हता.

"वहिनी, पायजमे वाळत टाकले, आलोच!" म्हणत दीर जिन्यावरून उतरला.

मुली रेषेवर उभ्या राहिल्या आणि चित्र थिजलं. लेकीच्या तोंडाच्या जागी हिरवा चौकोन.

"अगं बाई! काय झालं हो भावोजी?"

"कार्डच भिकार आहे," त्याने कॉम्प्युटरला थापट मारली. मेल्या, आधी तुझे पायजमे काढ! पण माझं कोण ऐकणार? मी जीव तोडून धडपडलो. चित्र परतलं तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आईने स्पीकर लावला.

"आई, पळायच्या आधी मी तुला हात केला होता. दिसला ना?"

"दिसला गं राजा. अगदी स्वच्छ दिसला," आई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी दिराने मला उपटून अडगळीत फेकलं. नवं कार्ड आलं. केबल तीच, पायजमे तेच. किळस येते नुसती!

मित्रांनो, माझं जाऊ द्या. पण यंत्राला शिव्या घालण्याआधी एकदा छतावर जाऊन केबल बघा. त्या आईला आपल्या लेकीशी पुन्हा खोटं बोलायला लावू नका.