हळदी चौकट

कळंबच्या दुकानदारांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा, आणि या धंद्यानं माझ्या जिभेला चांगलीच धार आणली आहे. एका आडतदारानं पासवर्ड भिंतीवर कुंकवानं लिहून ठेवला होता, शुभ आणि लाभ यांच्या बरोबर मधे. दुसरा बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरच्याच डोक्यावर ठेवायचा, म्हणजे चोराला दोन हेलपाटे नकोत. आमचं घर मूळ तुळजापूरचं, वडील शाळामास्तर. आई म्हणते, तू गिऱ्हाइकांशी बोलत नाहीस, त्यांचा कान धरतेस. खरं आहे.

त्या दिवशी मात्र महेश्वरीवहिनींचा फोन आला आणि माझी जीभ जागच्या जागी राहिली.

"वैदेही, सकाळी दुकान उघडायच्या टायमाला ये," त्या म्हणाल्या. "मामा येतायत."

मामा म्हणजे त्यांचे सासरे, हणमंतप्पा. बी-बियाणं आणि खतांचं त्यांचं दुकान बाजार समितीच्या रस्त्यावर आहे. श्रावणात ते वारले. मी स्वतः मातीला गेले होते.

हणमंतप्पांनी आयुष्यभर दुकान एकट्याच्या मुठीत ठेवलं. थोरला मुलगा, म्हणजे वहिनींचा नवरा, भूमच्या शाळेत मास्तर. धाकटा विरेश लातूरला. दुकानात मदतीला राहिली ती सून. पण सुनेनं काउंटरमागच्या स्टुलावर बसायचं, खुर्चीवर नाही. मालाचा तक्ता मी त्यांना क्लाउडवर करून दिला होता. कुठलं बियाणं किती शिल्लक आहे ते सगळ्यांना एकाच वेळी दिसायचं, घरून फोनवरसुद्धा. त्यातही म्हाताऱ्यानं वहिनींना स्वतःचा पासवर्ड घेऊ दिला नाही. रोज सकाळी त्या विचारायच्या, "मामा, उघडून देता का?" आणि मामा चष्मा पुसून, घसा खाकरून, सावकाश उघडून द्यायचे. मी एकदा भांडले होते यावरून. "पोरी, कुलूप माझं, किल्ली माझी," एवढंच ते म्हणाले होते.

ते गेल्यावर दुकानाचं मुख्य खातं मी वहिनींच्या हातात दिलं आणि सांगितलं, आता मामांचं नाव तक्त्यातून काढा. मेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवणं म्हणजे पडवीचं दार सताड उघडं टाकून शेताला जाणं. वहिनींनी दुकानाच्या पाटीकडे बोट केलं. "वर्ष होईस्तवर पाटीवरचं नाव काढत न्हाईत. मग यातलं कसं काढू?" मी चडफडले, आणि नाव तसंच राहिलं.

सकाळी गेले तर दुकानाचा हमाल सिदू बाहेरच बसलेला. केस पिकलेला गडी, पोती उचलण्यात जन्म गेलेला, पण त्या दिवशी उंबरा ओलांडायला तयार नव्हता. कॉम्प्युटरच्या पडद्याला त्यानं लिंबू-मिरची बांधली होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"मालक हायेत आत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुमी बघाच."

वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. शेजारी मामांची खुर्ची रिकामी, तिच्यावरची गादीसुद्धा दबलेली तशीच. त्यांनी तक्ता उघडला. मी मागे उभी राहून वाट पाहत होते, मनात हॅकरला शिव्या घालत होते. या तक्त्याशेजारच्याच फोल्डरमध्ये शेतकऱ्यांची आधार कार्डं, मोबाईल नंबर, सातबारे असं सगळं होतं. कुणी भामटा मामांच्या नावानं शिरला असेल तर अर्ध्या तालुक्याला टोपी घालू शकेल.

मग ती चौकट आली.

तक्त्यात दुसरं कुणी काम करत असलं की त्याच्या नावाची एक रंगीत चौकट दिसते. ही हळदीच्या रंगाची होती. वर बारीक अक्षरात नाव, हणमंतप्पा. पहिल्या ओळीवर ती थांबली. मग दुसरीवर. घाई नाही, उडी नाही. म्हातारा माणूस पोत्यांच्या थप्पीवर हात टेकत चालतो तशी ती एकेक ओळ खाली येऊ लागली. सोयाबीन. तूर. हरभरा. प्रत्येक ओळीवर तेवढीच थांबे. भामटे असे चालत नाहीत, त्यांना वेळ नसतो.

वहिनींनी डोक्यावर पदर घेतला. सासऱ्यापुढं घ्यायच्या तसाच.

त्यांनी नवी ओळ लिहायला सुरुवात केली. चौकट खाली खाली येत त्या ओळीच्या शेजारी येऊन थांबली. वहिनींनी हात उचलला. ती हलली नाही. वहिनींनी पुढचं अक्षर लिहिलं, पुढची ओळ घेतली, तशी तीही एक घर खाली सरकली.

"रोज असंच," वहिनी पुटपुटल्या. "बाकी सगळं बघत येतात आणि माझ्या लिहिण्यापाशी येऊन बसतात. माझं काय चुकतंय त्ये बघतात. त्यांना पटंना झालंय मी हितं बसलेली." त्यांनी डोळे टिपले. "विरेशभाऊजी म्हणतात, दुकान माझ्या हवाली करा. सोमवारी येणारेत. मी किल्ल्या देऊन टाकणार. जित्या माणसाशी भांडता येतं, वैदेही. यांच्याशी कसं भांडू?"

मला फार वाईट वाटलं. या बाईनं म्हाताऱ्याच्या आजारपणातसुद्धा दुकान एक दिवस बंद ठेवलं नव्हतं. आणि आता एका चौकटीपायी ती सगळं सोडायला निघाली होती. मी त्यांना बाजूला सारलं आणि मुख्य खात्यातून मामांच्या नावाची नोंद उघडली. कुठल्या यंत्रावरून कोण शिरलं ते तिथं दिसतं. मला वाटलं होतं, परमुलखातलं एखादं गाव निघेल.

निघाला मामांचाच फोन. शेवटचा वापर, आत्ता.

वहिनी खांद्यावरून बघत होत्या. त्या खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या, पण खुर्चीत बसल्या नाहीत.

"मामांचा फोन कुठंय?" मी विचारलं.

"दान दिला."

"दान?"

"दिवस घातले तवा. धोतरजोडी, छत्री, चप्पल, तांब्या आन फोन. जंगमस्वामींना. वापरातली वस्तू द्यावी लागती. मामांच्या हातात तर रातध्याड फोनच होता."

"त्यातलं सगळं पुसून दिला ना?"

"पुसून म्हंजे? कापडानं पुसला की."

मी कपाळावर हात मारला. "निदान लॉक तरी होतं का त्याला?"

"लॉक काढूनच दिला," वहिनी म्हणाल्या, आणि मी वेडी असल्यासारखं आता त्याच माझ्याकडे बघायला लागल्या. "कुलूप लावलेली पेटी कुणी दान देतं का? ते अर्धं दान. पोचत न्हाई. वर्षाचा रिचार्जसुद्धा मारून दिलाय."

या धंद्यात मी नाना तऱ्हा पाहिल्या, पण दुकानाची दारं उघडी करून, वर रिचार्ज मारून, पुण्य म्हणून दिलेली पहिल्यांदाच पाहत होते.

दुपारी आम्ही दोघी माझ्या स्कुटीवरून येरमाळ्याच्या वाटेनं निघालो. ज्यांना फोन दिला ते घरचे जंगम पुरोहित, चन्नय्यास्वामी, त्यांचं गाव त्याच वाटेवर आहे. माझ्या मनात सरळ हिशेब होता. फोन घ्यायचा, खातं बंद करायचं, चहा प्यायचा, परत यायचं.

स्वामींच्या दारात वहिनी एकदम थबकल्या. उंबऱ्याबाहेर चप्पल होती. एका पायाचा अंगठा नव्या कातड्यानं शिवलेला. "मामांची," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात आपोआप पदराकडे गेला.

आत स्वामी भिंतीला टेकून बसले होते. अंगावर मामांचं धोतर. बाजूला पितळी तांब्या, त्याच्या गळ्यावर कोरलेलं नाव, हणमंतप्पा. डोळे मिचकावत त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि तोच तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायले. वहिनींनी तांब्या नुसता धरून ठेवला.

"शरणार्थ, स्वामी," वहिनी म्हणाल्या. "मामांच्या फोनवर तुम्ही दुकान बघता का?"

"व्हय की," ते म्हणाले. लपवाछपवी नाही, काही नाही. "रोज बघतो. दान घिऊन कोनाड्यात ठिवायचं नसतंय, बाई. वापरलं तर त्यास्नी पोचतंय. त्येंची चप्पल घालून म्या देवळाला जातो. त्येंच्या तांब्यानं पाणी पितो. आन ह्या फोनात त्येंनी लावल्याला गजर रोज सकाळी वाजतोय. वर लिवलेलं येतंय, दुकान. मग म्या दुकान उघडतो. त्यास्नी दिसाया पायजे न्हवं?"

मीच विचारलं, "आणि चौकट एकेका ओळीवर थांबते ती?"

"म्या पोथीसुदीक बोट ठिवूनच वाचतो. नजर अधू हाय." त्यांनी तर्जनी हवेत फिरवली, सावकाश, आणि मला ती चाल लगेच ओळखू आली. "खाली खाली जातो. येके ठिकाणी अक्षरं आपोआप उमटत्यात. कुणीतरी तिकडं लिवतंय. त्ये बघत बसतो. लई बरं वाटतंय."

"ते मी लिहिते, स्वामी," वहिनी म्हणाल्या. मग बराच वेळ त्या तांब्यावरच्या नावावर अंगठा फिरवत राहिल्या. "मामा रागावलेत का माझ्यावर?"

स्वामींनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही. "मला काय ठावं? म्या निस्ते डोळे देतो. काय बघायचं त्ये त्येंचं त्ये."

मी फोन मागायला तोंड उघडलं. वहिनींनी माझा दंड असा दाबला की वळ उठला.

बाहेर आल्यावर मी फुटले. "वहिनी, तुमच्या गिऱ्हाइकांची आधार कार्डं आहेत त्यात. स्वामी देवमाणूस आहेत, मान्य. उद्या फोन जत्रेत हरवला, कुणी उचलला, मग?"

"दिलेलं दान परत मागत न्हाईत. त्याला हातसुद्धा लावत न्हाईत," त्या म्हणाल्या. "फोन त्यांचा. दुकान तर आपलं हाय न्हवं? आपल्या बाजूनं दार लावता येतं का?"

येतं. मी तेच तर श्रावणापासून सांगत होते.

दुकानात परतल्यावर मी आधी शेतकऱ्यांची कागदपत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली, त्याला नवा पासवर्ड घातला आणि दुसरी खूण म्हणून प्रत्येक वेळी वहिनींच्या मोबाईलवर येणारा आकडा लावून दिला. मग तक्त्याची परवानगी कुणाकुणाला आहे ती यादी उघडली. हणमंतप्पा, बदल करू शकतात. बाजूला 'काढून टाका'. मी माऊस वहिनींकडे सरकवला. हे माझ्या हातानं होण्यासारखं नव्हतं.

वहिनींनी देवाला करावा तसा पडद्याला नमस्कार केला आणि दाबलं. नाव गेलं. त्या तोंडाला पदर लावून रडल्या. मातीच्या दिवशी पाहुण्यांचं बघता बघता त्यांना रडायला सवड मिळाली नव्हती.

दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. तक्ता उघडला. चौकट आली नाही. सोयाबीन, तूर, हरभरा, सगळ्या ओळी नुसत्याच उभ्या होत्या. सिदूनं आत डोकावून पाहिलं आणि लिंबू-मिरची सोडायला हात लावला. वहिनी स्टुलावर बसून पडद्याकडे नुसत्या बघत होत्या. इतके दिवस ज्याची भीती वाटली, त्याचीच त्या वाट बघत होत्या. दुकान फार मोकळं वाटत होतं, मलाही.

तेवढ्यात कोपऱ्यात निरोप आला. मी तो मोठ्यानं वाचला.

"हणमंतप्पा यांनी हा तक्ता पाहण्यासाठी तुमची परवानगी मागितली आहे."

सिदूच्या हातातलं लिंबू खाली पडून पोत्यांखाली घरंगळलं.

"माझी?" वहिनी म्हणाल्या.

"तुमचीच. मुख्य खातं तुमचं आहे."

"मामा मला विचारतायत?"

मी फोन काढला. "थांबा, स्वामींना विचारते. त्यांचंच बोट लागलं असणार. दार बंद दिसलं की तिथं एक बटण येतं, ते..."

"नको." त्यांनी माझा फोन पालथा घातला. "कुणाचं बोट ते विचारायचं न्हाई."

उघडून देता का, हे त्यांनी या दुकानात किती सकाळी विचारलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

"यात काय काय देता येतं?" त्यांनी विचारलं.

"दोन प्रकार. बदल करण्याची परवानगी, किंवा फक्त पाहण्याची."

त्या उठल्या. स्टूल पायानं मागे सारलं, मामांची खुर्ची ओढली, दबलेली गादी झटकली आणि तिच्यात बसल्या. मग स्वतःच माऊस धरला.

"बघू देत," त्या म्हणाल्या. "हात लावायचा न्हाई."

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा हळदी गोल उगवला. आत एकच अक्षर, ह. तक्त्यात चौकट आली नाही, नुसतं पाहणाऱ्याला ती मिळत नाही. गोल तिथंच राहिला, बघत.

वहिनींचा हात डोक्यावर पदर घ्यायला वर गेला. अर्ध्यात थांबला, खाली आला, आणि त्यांनी पुढची ओळ लिहायला घेतली.